भुरीचे नवे आख

"प्रिया, ज्या पोराचे पाय कायम गाडीखालून बाहेर दिसतात, त्याला हो म्हणू नको," असं माझी आई मला म्हणाली होती.

आम्ही मुलाचं घर बघायला अंबाजोगाईहून धारूरला आलो होतो. ओट्यावर सतरंजी, पोहे, चहा, सगळं तयार होतं; फक्त मुलगा नव्हता. अंगणात एक राखाडी पिकअप उभी होती आणि तिच्याखालून दोन तळवे बाहेर आलेले होते. "आलोच," तळवे म्हणाले. पोहे संपले, चहा संपला, तळवे तिथंच. परतीच्या एसटीत आईनं ते वाक्य मला ऐकवलं आणि मी म्हणाले, "अगं, पण पाय किती स्वच्छ आहेत!" झालं. लग्न ठरलं.

त्या तळव्यांच्या वर जो माणूस होता तो विजयसिंह, माझा नवरा. बाजारपेठेत पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे, थोडी शेती आहे. पण जीव सगळा त्या पिकअपमध्ये. तिचं नाव भुरी. रंगानं आणि स्वभावानं म्हशीसारखी, म्हणून माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, ठेवलेलं. पुढे पाच माणसांची केबिन, मागे हौदा, आणि इंजिनाचा जोर चारही चाकांना. बालाघाटाच्या कडेला जिथं शेळीसुद्धा दोनदा विचार करते तिथं भुरीला चढवायचं, हा यांचा छंद. बीडला, लातूरला असेच आणखी वेडे आहेत. बाकीचे लोक सकाळी एकमेकांना फुलांचे फोटो पाठवतात. हे चिखलात रुतलेल्या गाड्यांचे पाठवतात.

मी हे सगळं लांबून बघत होते. मग बाळ झालं, आणि ते लांबून बघणं संपलं.

बाळ घाईनं आलं, वेळेच्या बरंच आधी. अंबाजोगाईच्या दवाखान्यात ती काचेच्या पेटीत होती आणि मी पेटीबाहेर. तेव्हापासून मला एक सवय लागली आहे: ती झोपली की मी बोटाची मागची बाजू तिच्या नाकाशी धरते. श्वास लागला की मग माझा सुरू होतो. घरी आलो तेव्हा ती एवढी होती की आप्पा म्हणाले, "ह्याच्यापेक्षा आपला ढब्बू कांदा मोठा हाय." मग ती गुटगुटीत झाली, बसायची, पडायची, पुन्हा बसायची. पण नाव नव्हतं. लसीच्या कार्डावर 'बेबी ऑफ प्रियदर्शनी'. घरात नुसतं 'बाळ'.

नाव नव्हतं, कारण आत्या नव्हती. आमच्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि बाळाला आत्या एकच: वनमालाक्का. विजयसिंहांची थोरली बहीण. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा आक्कांनीच यांना कडेवर वाढवलं. आक्का राहतात धारूरच्या वर डोंगरात, खडकीच्या वस्तीवर. बाळ पेटीत होतं तोवर बारसं करायचा प्रश्नच नव्हता. बाळ घरी आलं तर पावसाळ्यात आक्का शेळीमागं धावताना पडल्या, गुडघा मोडला. आणि त्याच पावसात वस्तीचा गाडीरस्ता वाहून गेला; उरला नुसता दगडांचा उतार. आक्कांना खाली आणता येईना, आणि खाटेवर घालून उतरवायला त्या तयार नव्हत्या.

"मला काय मढं समजलास का रे?" त्या फोनवर यांना म्हणाल्या. "बाळाला वर घेऊन ये. माझ्या दारात पाळणा बांधते. आन् दसऱ्यानंतर लगेच ये. मग वस्ती ऊसतोडीला जाती. पाळणा म्हणायला बाया न्हाई ऱ्हायल्या तर काय शेळ्यांना म्हणायला लावू?"

म्हणजे सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबलं होतं. वस्ती कारखान्यावर निघायच्या आत बाळ वर पोचलं तर त्याला नाव. नाहीतर हंगाम संपेपर्यंत 'बेबी ऑफ प्रियदर्शनी'. मी शिकलेली आहे, बीएस्सी आहे, नावाशिवाय बाळाचं काही अडत नाही हे मला कळतं. पण रात्री तिला थोपटताना मी कुणाला थोपटतेय हे मला सांगता येत नव्हतं, आणि ते मला अजिबात आवडत नव्हतं.

विजयसिंह आणि त्यांचा मित्र साजिद आधी दोघंच भुरीला घेऊन वर बघून यायला गेले. साजिद हा मेकॅनिक, यांच्या वर्गातला. संध्याकाळी दोघं चालत परत आले, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं भरलेले, आणि गालात हसत. गाडी मोडल्यावर एवढं खूश होणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

"भाभी, उंबऱ्यावर आवाज आला, फाटदिशी!" साजिद म्हणाला. "मागचा आख गेला. आतला दांडा उसासारखा मोडला."

आख म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी आडवी लोखंडी नळी, आणि उंबरा म्हणजे त्या वाटेवर आडवा पडलेला खडकाचा थर, पायरीसारखा. वस्तीवरचे लोक त्याला उंबराच म्हणतात. तो ओलांडल्याशिवाय वस्ती येत नाही.

"आता?" मी विचारलं.

"आता जाड आख टाकायचे," हे म्हणाले. "दोन्ही. पुढचा आणि मागचा." आणि यांच्या चेहऱ्यावर असा आनंद की जणू बारसं गाडीचंच आहे.

भुरीला ट्रॅक्टरनं ओढत अंगणात आणलं, आणि भंगारबाजारातून एका मोठ्या जुन्या गाडीचे दोन आख आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अंगणात उतरवले तेव्हा जमीन हादरली आणि बाळ दचकून माझ्याकडे बघायला लागलं. जुन्या आखापेक्षा हे दुप्पट जाड. मध्ये कलिंगडाएवढा लोखंडी गोळा, त्याच्या आत दातांची चक्रं. इंजिनाकडून येणारा लांब दांडा त्या गोळ्यात शिरतो आणि गोळा ती फिरकी दोन्ही चाकांकडे वळवतो. विजयसिंहांनी मला हे लग्नानंतर पहिल्याच महिन्यात समजावलं होतं, ताटातली भाकरी आणि पळी वापरून.

"पुढच्या आन् मागच्या गोळ्याच्या दातांचं गणित एकच पाहिजे," साजिद म्हणाला. "न्हाईतर पुढची चाकं एका चालीनं, मागची दुसऱ्या. गाडी सवती-सवतींसारखी भांडंल."

ते गणित तपासायची एक सोपी पद्धत आहे. चाकाच्या जागी खडूनं खूण करायची, दांड्यावर खूण करायची, दांडा हातानं फिरवायचा आणि चाकाची एक फेरी व्हायला दांड्याच्या किती फेऱ्या लागतात ते मोजायचं. मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पदवीधर. बाळाला कडेवर घेऊन मी पुढच्या आखाच्या फेऱ्या मोजल्या, मग मागच्याच्या. दोन्ही सारख्या आल्या. साजिदनं टाळ्या वाजवल्या. आप्पा बाजेवरून म्हणाले, "सूनबाई, शिक्शण कामाला आलं बगा." मी खरंच फुगले. किती फेऱ्या ते आम्ही सगळ्यांनी मोजलं. कोणत्या बाजूला फिरतंय ते एकानंही बघितलं नाही.

आता साजिदबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्याचं पोट गाड्यांवर कमी आणि टायरगाड्यांवर जास्त भरतं. ऊसतोडीचे लोक बैल जुंपून ज्या रबरी टायरच्या गाड्या नेतात, त्यांचे आख उसाच्या वजनानं मध्ये वाकतात. हंगामाच्या तोंडावर अख्ख्या तालुक्यातून त्या साजिदकडे येतात, आणि साजिद काय करतो? आख सोडतो, उलटा करतो, वाकलेलं पोट वर घेतो आणि पुन्हा बसवतो. पुढच्या हंगामात तो वजनानं सरळ होतो. वर्षानुवर्षं हेच. आख दिसला की साजिदचे हात त्याला आपोआप उलटा करतात.

"विज्या, बघ बे," तो भुरीखालून म्हणाला. "लांब दांडा गोळ्यात खालच्या अंगाला शिरतोय. उंबऱ्यावर दगड आधी त्यालाच लागंल. आख उलटा केला तर वरच्या अंगाला येतो. वीतभर पोट वर!"

"उलटा कर की मग!" हे म्हणाले. वीतभर हा शब्द ऐकून यांचे डोळे असे चमकले की मला आमच्या लग्नातले फोटो आठवले. त्यात एवढे चमकले नव्हते.

मागचा आख उलटा झाला. स्प्रिंगच्या बैठका कापून दुसऱ्या अंगाला वेल्डिंग झालं. पुढचा आख सुकाणूच्या जोडणीमुळे उलटा होईना, तर त्याचा मधला गोळाच बाहेर काढून उलटा बसवला. दोघं मिळून एवढं हसत होते, गाणी म्हणत होते, की शेजारच्या शिवकन्याकाकू विचारायला आल्या, घरात आणखी काही कार्य आहे का म्हणून.

काम बारशाच्या सकाळी संपलं. वस्ती दुसऱ्या दिवशी निघणार होती. आक्कांचा फोन येऊन गेला, "घुगऱ्या शिजायला टाकल्यात." मी बाळाची पिशवी भरली: थर्मामीटर, उकळलेलं पाणी, चार झबली, कानटोपी, आणखी एक कानटोपी. केबिनमध्ये दुहेरी गोधडी अंथरली. बाळाच्या खुर्चीचे पट्टे ओढून बघितले. मग पुन्हा ओढून बघितले.

"आधी रिकामी चालवून दाखवा," मी म्हणाले.

विजयसिंह ऐटीत चढले. आप्पा बाजेवर सावरून बसले. साजिदनं फाटक उघडलं आणि हातानं "या" अशी खूण केली. इंजिन सुरू झालं. पहिला गियर पडला. क्लच सुटला.

आणि भुरी भर्रकन मागे गेली.

मागे कडब्याची गंजी होती. भुरी अर्धी त्या गंजीत घुसली. वरच्या चार पेंढ्या केबिनवर पडल्या. कोंबड्या उडाल्या. आप्पा बाजेवर उभे राहिले, जे त्यांनी कित्येक दिवसांत केलं नव्हतं.

"आरं पुढं जायचंय! पुढं!" आप्पा ओरडले.

"पुढचाच गियर टाकलाय!" आतून आवाज.

यांनी दुसरा टाकला. भुरी गंजीत आणखी आत गेली. मग साजिद जवळ गेला, खिडकीतून हात घालून मागचा गियर टाकला. भुरी सावकाश, शहाण्यासारखी, कडबा अंगावर घेऊन पुढे आली. आणि त्याचबरोबर तिच्या पाठीकडून एक गोड बाई बोलली: "सावधान! गाडी मागे येत आहे! सावधान! गाडी मागे येत आहे!"

तो भोंगा माझ्याच हट्टानं बसवलेला. अंगणात बाळ रांगेल, गाडी मागे घेताना कळायला हवं म्हणून.

 साजिद तिथंच मटकन खाली बसला. त्यानं हवेत दोन हातांनी एक आख धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"या अल्लाह," तो म्हणाला. "टायरगाडीला बैल वढतो बे. आख उलटा काय, सुलटा काय, चाक आपलं गुमान फिरतंय. हितं आखच वढतोय! उलटा केला तर उलटाच वढंल की!"

मग बाळ हसलं. तोपर्यंत ती नुसती गालात हसायची. त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं, पोट हलवत. गाडीतली बाई पुन्हा "सावधान" म्हणाली, बाळ पुन्हा खिदळलं. त्यावर आप्पा हसले, मग साजिद, मग स्टिअरिंगवर डोकं टेकून विजयसिंह. मी शेवटची हसले, पण मला थांबता आलं नाही. कोंबड्यांनी सुद्धा काहीतरी आवाज केला.

हसून झाल्यावर मात्र प्रश्न उभाच होता. आख पुन्हा सुलटे करायचे म्हणजे पुन्हा कापणं, पुन्हा वेल्डिंग. तोवर वस्ती रिकामी झालेली असणार.

विजयसिंह डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे आता आपल्याकडे पुढे जायला एकच गियर आहे, आणि मागे जायला पाच."

"उंबरा चढायला एकच लागतो," साजिद म्हणाला. "आन् मागचा गियर सगळ्यांत हळू, सगळ्यांत जोराचा. डोंगराला लई भारी."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. आप्पांनी पण बघितलं. काय गंमत आहे बघा, एवढे तीन पुरुष, पण हो म्हणायचं मला.

मी भुरीभोवती फिरले. खाली वाकले. ब्रेक दाबून बघायला लावले. सुकाणू डावीउजवीकडे वळवून घेतलं. अंगणाला दोन चकरा मारून घेतल्या. "हा गियर आपोआप निसटणार नाही?"

"न्हाई भाभी."

"उंबरा आला की मी बाळाला घेऊन खाली उतरणार. भुरी रिकामी चढणार. मी मागून चालत येणार. वाटेत मी थांबा म्हटलं की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही."

"मंजूर," तिघं एकदम म्हणाले.

"आणि हा भोंगा बंद करा."

"वायर तोडतो," साजिद म्हणाला.

"हात लावू नको!" आप्पा ओरडले. "बारशाला वाजंत्री नको व्हय? वाजू दे."

अशी आमची वरात धारूरच्या बाजारातून निघाली. पुढे तोंड करून, पुढे जात, पाठीमागची बाई सगळ्या पेठेला सांगतेय की गाडी मागे येत आहे. आमच्या मागचा रिक्षावाला घाबरून आपली रिक्षा मागे घ्यायला लागला; त्याच्या मागचा टेम्पो मागे; त्याच्या मागे केळीची गाडी. आम्ही पुढे पुढे, आणि आख्खी पेठ मागे मागे. पानटपरीवरून बिभीषण ओरडला, "विजूभाऊ, गाडी ठरवा आधी!" आप्पा खिडकीतून हात जोडून सगळ्यांना नमस्कार करत होते, निवडून आल्यासारखे. बाळ प्रत्येक "सावधान"ला खिदळत होतं. मी हसत होते, पण तिच्या पट्ट्यावरचा हात काढत नव्हते.

डांबर संपलं. दगड सुरू झाले. भुरी बैलाच्या चालीनं चढत होती, एकेक चाक जपून टाकत. दोनदा मी "थांबा" म्हटलं आणि दोनदा ते खरंच थांबले. एकदा बाळाची टोपी सरकली होती म्हणून. दुसऱ्यांदा मला उगाच वाटलं म्हणून. दुसऱ्या थांब्याला साजिद खाली वाकला आणि म्हणाला, "बरं झालं थांबलो. आखाच्या श्वासाचं, हवा सोडायचं भोक उलटं होऊन खाली आलंय, तेल ठिबकतंय." त्यानं चिंधी कोंबली, वरून तेल भरलं आणि माझ्याकडे असं बघितलं जणू मी ते वरूनच ओळखलं होतं. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

उंबरा आला. मी बाळाला घेऊन उतरले आणि बाजूच्या चढावर, बोराटीच्या झुडपापाशी, वर जाऊन उभी राहिले. तिथून चारही चाकं दिसत होती. आप्पा आणि साजिदही उतरले.

पुढची दोन चाकं उंबरा चढली. मग मागचं उजवं चढलं. मागचं डावं मात्र हवेत लटकलं आणि भिंगरीसारखं फिरायला लागलं. भुरी जागच्या जागी गुरगुरत राहिली. एक चाक हवेत असलं की सगळा जोर त्याच रिकाम्या चाकात वाया जातो. मागच्या वेळी दांडा मोडला तो इथंच.

"वजन पाहिजे! डाव्या कोपऱ्यावर!" साजिद ओरडला आणि हौद्याच्या डाव्या कोपऱ्याला लोंबकळला. चाक थोडं खाली आलं, पण टेकलं नाही. तेवढ्यात मला दिसलं ते असं: आप्पांनी धोतर खोचलं आणि साजिदच्या शेजारी स्वतःला लटकवलं.

"आप्पा!" मी किंचाळले.

"सूनबाई, रस्ता सांगा, मला नका सांगू!"

आणि खरंच, वरून रस्ता फक्त मलाच दिसत होता. "अहो, पुढचं डावं त्या पांढऱ्या दगडावर घ्या! आणखी! आणखी थोडं! आता सरळ! हळू!" बाळाला छातीशी आवळून मी अशी ओरडत होते की खालच्या दरीत माझाच आवाज घुमत होता. चाक टेकलं. एक मोठा करकर आवाज झाला. मी डोळे मिटले नाहीत, बघतच राहिले. जाड आख तसूभर वाकला नाही. भुरी उंबरा ओलांडून वर गेली, तिच्या मागे दोन माणसं वटवाघळासारखी लोंबकळत, आणि ती बाई शांतपणे सांगतेय की गाडी मागे येत आहे.

वरून, वस्तीच्या बाजूनं, आक्कांचा खणखणीत आवाज आला. "आरं विज्या! मागं कावून चाललास? हिकडं ये की!"

मी तिथंच खाली बसले आणि हसत हसत रडले, की रडत रडत हसले. मग उठून चालत वर गेले.

वस्तीवर निघायची तयारी होती. भांड्यांची पोती, पालांचे बांबू, बांधलेली बिऱ्हाडं, सगळं उद्या डोक्यावरून उंबऱ्याखालच्या ट्रॅक्टरपर्यंत न्यायचं. आणि त्या सगळ्या बांधाबांधीच्या मध्ये, आक्कांच्या दारात कडुलिंबाच्या फांदीला पाळणा. झेंडूच्या माळा. आक्का बाजेवर, पाय उशीवर, डोक्यावर पदर, तोंडभर हसू. बाया हातातलं काम टाकून आल्या. बाळाला पाळण्यावरून आणि पाळण्याखालून दिलं-घेतलं, सात आज्या आणि तीन शेळ्यांनी तिचा वास घेतला. मी प्रत्येकीला "मान धरा, मान धरा" म्हणत होते. शेवटी अंजनडोह गावची एक म्हातारी म्हणाली, "आगं, तुझीच मान कुणी धरंना. घोटभर च्या घे."

आता खरी वेळ. मी आणि विजयसिंहांनी मनात एक नाव ठरवलं होतं. लांबलचक, संस्कृत, अर्थ सांगायला दोन मिनिटं लागतील असं. यांनी ते आक्कांना फोनवर सांगितलं होतं. आक्का "बरं बरं" म्हणाल्या होत्या. आक्कांचं "बरं बरं" म्हणजे काय हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आक्का पाळण्यावर वाकल्या. बाळाच्या कानात काहीतरी बोलल्या. बाळ एकदम गप्प झालं. बायांनी रिवाजाप्रमाणे आक्कांच्या पाठीत धपाधप बुक्के मारले. "सांग, सांग, काय ठेवलं?"

"अंजू," आक्का म्हणाल्या.

यांनी माझ्याकडे बघितलं. मी आक्कांकडे.

"तोंड कावून पडलं?" आक्का मला म्हणाल्या. "तुजं नाव घेता घेता माझा दम जातोय. प्रि-य-दर-शनी. डोंगरात हाक मारायची म्हणलं तर 'दर' म्हणंस्तोवर माणूस घाट उतरून जातंय. नाव कसं पाहिजे? हितून मारलं की खालच्या वाटंवर ऐकू जायला पाहिजे. बग."

आणि त्यांनी बसल्या जागेवरून, मान वर करून हाक मारली. "अंजूऽऽऽ!"

हाक दरी ओलांडून गेली. पलीकडच्या कड्याला लागली आणि परत आली, थोडी पातळ होऊन, पण अख्खी. अंजूऽऽ. पाळण्यातलं बाळ कड्याकडे वळून बघायला लागलं.

"आता तू," आक्का म्हणाल्या.

मला लाज वाटली. मग मी मारली. पहिली पाळण्यापलीकडेही गेली नाही. दुसरी गेली. ती परत आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग विजयसिंहांनी मारली, साजिदनं मारली, आप्पांनी धोतर सावरत मारली. मग बायांनी, पोरांनी, निघायच्या तयारीतल्या सगळ्या वस्तीनं. सगळा डोंगर माझ्या मुलीला हाका मारत होता. आमचं लांबलचक संस्कृत नाव मी तिथंच कुठंतरी सोडून आले. शोधायला गेले नाही.

घुगऱ्या खाऊन झाल्यावर मी आक्कांजवळ बसले. उद्या त्यांची मुलं, सुना, सगळे कारखान्यावर जाणार. वस्तीवर राहणार आक्का, शेळ्या, आणि दोन-तीन घरांतली अशीच म्हातारी माणसं, तीही लांब लांब. "आक्का, चला खाली. भुरी आहे. केबिनमध्ये गोधडी अंथरली आहे."

"आन् शेळ्या?"

"हौद्यात घालू."

"आगं, ज्या गाडीला पुढं कोणतं आन् मागं कोणतं कळंना, त्या गाडीत माझ्या शेळ्या न्हाई बसायच्या," आक्का म्हणाल्या. बाया हसल्या. आक्कांनी माझ्या गालावर हात फिरवला. "मी हाय की बरी. तू पोरीला सांभाळ. लई बारीक बारीक बगत नको जाऊ. थोडं लांबून बगत जा."

उतरताना तोच गियर, तीच बाई. उंबऱ्याला मी पुन्हा बाळाला, म्हणजे अंजूला, घेऊन चालत उतरले. आख टिकला. साजिद सगळ्या वाटेत स्वतःला शिव्या देत होता आणि प्रत्येक शिवीनंतर हसत होता.

आता भुरी अंगणात ठोकळ्यांवर उभी आहे. दोन्ही आख बाहेर काढले आहेत, पण साजिदच्या दारात टायरगाड्यांची रांग आहे. ऊसतोडीच्या गाड्या आधी, भुरी नंतर, हे आम्हालाही पटतं. विजयसिंहांचे पाय रोज गाडीखाली असतात, पण एकट्यानं वेल्डिंग होत नाही. तोवर आम्हाला वर जाता येत नाही. यांनी एकदा चालत जायचं ठरवलं तर दुकानात मोटारीच्या हंगामाची गर्दी. मी अंजूला सोडून जाऊ शकत नाही, आणि एवढ्या उन्हात तिला पाठीवर घेऊन जाणं मला जमणार नाही. आक्कांच्या फोनला रेंज फक्त घरामागच्या टेकाडावर येते. आधी मुलं त्यांना हात धरून तिथं न्यायची; आता तिथवर त्यांचा गुडघा एकटा जातो की नाही हे त्या सांगत नाहीत. परवा फोन लागला. "मी बरी हाय," त्या म्हणाल्या. काल नाही लागला. आजही नाही.

तर तुमच्यापैकी कुणी धारूरच्या बाजूनं जात असाल, गाडी असो, मोटारसायकल असो, नाहीतर नुसते डोंगर बघायला आला असाल, तर खडकीच्या वस्तीवर एकदा जाऊन या. डांबर संपतं तिथवर गाडी जाते, पुढे दगडांतून उंबरा ओलांडून चालत. लिंबाखालचं घर. बाहेरूनच हाक मारा, वनमालाक्का म्हणून. त्या "मी बरी हाय" म्हणतील. त्यावर विश्वास ठेवू नका. रांजणात वाकून पाणी किती आहे ते बघा, चूल आज पेटलेली आहे का ते बघा, आणि त्यांना उठून दोन पावलं चालायला लावा. मग खाली उतरल्यावर मला सांगा. दुकान बाजारपेठेत आहे, कुणालाही विचारा.